‘१००%’ शोधलं की ‘१००७’ का सापडतं?

सर्च बॉक्समध्ये कुणीतरी ‘१००%’ टाइप केलं. रिझल्टमध्ये १००७ आलं, १००० पण आलं. इंडेक्स (शोधासाठी बनवलेली शब्दांची यादी) बिघडला असं वाटतं, पण तो ठीक आहे. आपण बांधलेल्या क्वेरीत गडबड आहे.

आज जेसीआर-एसक्यूएल-२ बद्दल, म्हणजे जॅकरॅबिटसारख्या रिपॉझिटरीत (मजकूर आणि फाइली साठवणाऱ्या सिस्टिममध्ये) चालणारी क्वेरीची भाषा. ‘लाइक’ ही नमुन्याशी जुळणारं शोधणारी अट वापरलीत की % म्हणजे कितीही अक्षरं, आणि _ म्हणजे नेमकं एक. अशा चिन्हांना वाइल्डकार्ड म्हणतात. हा अंडरस्कोर जास्त छळतो, कारण फाइलच्या नावांत तो सर्रास असतो. ‘अहवाल_२०२४’ शोधा, ‘अहवाल-२०२४’ पण हजर!

उपाय बॅकस्लॅश: चिन्हाआधी \ लावला की ते साधं अक्षर ठरतं, यालाच एस्केप करणं म्हणतात. पण क्रम चुकला की सगळं फसतं, तेव्हा इथे जरा थांबू.

[स्क्रीनवर: \ → \\ , मग % → \% , मग _ → \_ ]

आधी बॅकस्लॅशच दुप्पट करायचा. उलट केलंत, तर १००\% चं १००\\% होतं. म्हणजे आता एक खराखुरा बॅकस्लॅश, आणि पुढे % पुन्हा मोकाट. तुमचा स्वतःचा वाइल्डकार्ड सगळ्यात शेवटी जोडा:

[स्क्रीनवर: लाइक '१००\%%' ]

पहिला % अक्षर म्हणून, दुसरा वाइल्डकार्ड. जावाच्या कोडमध्ये प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो, ते वेगळं.

आता ‘ओ'ब्रायन’. इथे बॅकस्लॅश नाही चालत, सिंगल कोट दोनदा लिहायचा: 'ओ''ब्रायन'. त्यापेक्षा बाइंड व्हेरिएबल वापरा, म्हणजे क्वेरीत फक्त जागा ठेवून किंमत वेगळी पाठवा, कोटची कटकटच संपते. मात्र मग कोट दुप्पट करू नका, नाहीतर खरोखरच दोन कोट असलेलं नाव शोधलं जाईल. आणि बाइंड केलं म्हणून % आणि _ निष्प्रभ होत नाहीत, ते एस्केप करावेच लागतात. हे बरेच जण विसरतात.

‘कंटेन्स’ म्हणजे फुल-टेक्स्ट, मजकुरातल्या शब्दांचा शोध, तिथले नियम निराळे. जॅकरॅबिटमध्ये तिथे * आणि ? चालतात, % ला वाइल्डकार्ड म्हणून काही किंमत नाही. शब्दाआधी - आला की तो शब्द वगळला जातो. एकच डबल कोट उघडा राहिला तर क्वेरी एरर देऊ शकते. युजर सवयीने शेवटी प्रश्नचिन्ह टाकतो, ते मी सरळ काढूनच टाकतो. साध्या अॅनालायझरने (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाने) इंडेक्समधल्या शब्दांत विरामचिन्ह ठेवलेलंच नसतं, मग एस्केप करून जपायचं कुणासाठी?

सुरुवातीलाच * लावणं शक्यतो टाळा. ल्युसीनमध्ये, म्हणजे जॅकरॅबिट शोधासाठी वापरतं त्या इंजिनात, शब्द क्रमाने लावलेले असतात. सुरुवातच माहीत नसेल तर तो सगळी यादी चाळत बसतो.

जुनी एक्सपाथ (पाथवरून शोधणाऱ्या भाषेतली) क्वेरी असेल आणि पाथमध्ये फोल्डरचं नाव आकड्याने सुरू होत असेल, तर ते आयएसओ ९०७५ या स्टँडर्डप्रमाणे एन्कोड करा.

टेस्टमध्ये एवढं टाकून बघा: १००%, अ_ब, ओ'ब्रायन, एक सुटा \ आणि एक उघडा ".