रंगवलेलं ऊन : ‘रेज’ आतून बघताना

(दृश्य : पांढरा झोत. हळूहळू दरी स्पष्ट होते.)

दार उघडतं, डोळे दिपतात आणि मग समोर दरी येते. तांबूस कडे, त्यांना लटकलेले गंजके पत्रे, मोडक्या पुलाचा सांगाडा, वर कापूस पिंजल्यासारखे ढग. कॅमेरा कुठेही फिरवा, एक दगड दुसऱ्यासारखा नाही. एका कड्यावरचा डाग पुढच्या कड्यावर पुन्हा दिसत नाही.

(दृश्य : कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मॉनिटरमागे उभी पोरं. मूळ आवाज ठेवायचा : “नाद खुळा! कुठला गेम हाय ह्यो?”)

हा ‘रेज’. ऑक्टोबर 2011 मध्ये बाजारात आलेला. दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या पीसीवर तो चालू आहे आणि बघणारी पोरं आजचे खेळ खेळणारी आहेत. त्यांची पहिली दाद तुम्ही ऐकलीत. तासाभरानंतर आवाज बदलतो. ते पुढे येईलच.

बनवणारी मंडळी साधीसुधी नव्हेत. टेक्सासमधली आयडी सॉफ्टवेअर. 1993 चा ‘डूम’ आणि 1996 चा ‘क्वेक’ यांचाच. हातात बंदूक, नजर आपली, समोर शत्रू, या प्रकारच्या खेळाला ज्यांनी आकार दिला तीच ही कंपनी. तांत्रिक सूत्रं जॉन कारमॅक यांच्याकडे. 2007 मध्ये ॲपलच्या व्यासपीठावर त्यांनी नव्या इंजिनाची, म्हणजे खेळ ज्यावर चालतो त्या पायाभूत प्रोग्रॅमची, झलक दाखवली. इंजिनाचं नाव आयडी टेक 5. त्यावर बेतलेला खेळ हातात यायला पुढे चार वर्षं लागली.

(दृश्य : टेबलावर ओळीने ठेवलेल्या तीन डिस्क. वरून.)

एक्सबॉक्स 360 आणि प्लेस्टेशन 3 हे तेव्हाचे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची खेळयंत्रं. एक्सबॉक्स 360 साठी तीन डिस्क. प्लेस्टेशन 3 साठी एक ब्लू-रे आणि वर हार्डडिस्कवर 8 जीबी जागा. पीसीवर 20 जीबीच्या पुढे. 2011 मध्ये हा आकडा ऐकून लोक हसायचे. तेव्हा ब्रॉडबँड प्लॅनची मर्यादा संपली की वेग 256 केबीपीएसवर यायचा. त्या वेगाने 20 जीबी उतरवायला सात दिवस लागतात, तेही वीज न जाता.

एवढी जागा खाल्ली कशाने? कथेने नाही, आवाजाने नाही. चित्राने.

(दृश्य : जुन्या खेळातली विटांची भिंत. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतोय, तो चौकटीने दाखवायचा.)

खेळातली भिंत म्हणजे कोरा पत्रा. त्यावर जे चित्र चिकटवतात त्याला टेक्श्चर म्हणतात. इतर खेळांत विटांचा एक चौकोनी तुकडा रंगवायचा आणि तोच शंभर वेळा शेजारी शेजारी चिकटवायचा, अशी पद्धत असते. मेमरी वाचते, पण थोडं निरखून पाहिलं की ठिगळं दिसतात.

रेजने ही पद्धत मोडीत काढली. जमीन, कडे, भिंती या सगळ्यांसाठी मिळून एकच अवाढव्य चित्र. त्याला मेगाटेक्श्चर म्हणतात. एक बाजू 1,31,072 पिक्सेल. आडवं तेवढंच, उभं तेवढंच. गुणाकार केला तर सुमारे 1,718 कोटी पिक्सेल. नुसता रंग साठवायचा म्हटलं, दर पिक्सेलला तीन बाइट, तरी पन्नास जीबी उलटतात. चमक आणि उंचसखलपणा यांचे थर वेगळेच. आणि ज्या एक्सबॉक्सवर हे चालवायचं त्याची एकूण मेमरी 512 एमबी.

(दृश्य : जमिनीवर डाग, भेगा, टायरच्या खुणा एकामागून एक उमटतात.)

चित्रकाराच्या हातात शिक्के असतात. तेलाचा डाग, गंजाचा ओघळ, भेग, टायरची खूण. तो जगात फिरतो आणि हवा तिथे शिक्का मारतो. दहा हजार शिक्के मारले तरी खेळ चालवणाऱ्या यंत्रावर एका पैशाचा जास्त भार येत नाही, कारण शेवटी सगळं त्या एकाच चित्रात विरघळून जातं. चित्रकारांना असं मोकळं रान आधी कुणी दिलं नव्हतं. आज खेळ थांबवून नुसते कडे बघत बसावंसं वाटतं, ते या मोकळ्या रानामुळे.

मग भट्टी. रंगवून झालेलं जग अनेक कॉम्प्युटरच्या जथ्याकडे जातं. सूर्य कुठे आहे, सावली कुठे पडते, लाल कड्यावरून उजेड परतून खालच्या मातीला कसा तांबूस करतो, हा सगळा हिशेब आधीच करून उत्तर त्याच चित्रात भरून टाकतात.

(दृश्य : नाटकाचा जुना रंगवलेला पडदा. खांबाच्या सावलीवर कॅमेरा रेंगाळतो.)

कोल्हापुरात हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते. राजवाड्याचा पडदा असेल, तर खांबावरची तिरीप आणि खांबामागची सावली रंगातच घातलेली. रंगमंचावरचा दिवा डावीकडे न्या की उजवीकडे, पडद्यावरची सावली जागची हलत नाही. आणि तरी प्रेक्षागृहातून ती खरी वाटते, कारण काढणाऱ्याने उजेडाचा अभ्यास केलेला असतो. रेजमधलं ऊन असं रंगवलेलं आहे.

गंमत म्हणजे याच कंपनीने 2004 च्या ‘डूम 3’ मध्ये नेमकं उलट केलं होतं. तिथे लटकता दिवा हलला की खोलीतल्या सगळ्या सावल्या हलायच्या. रेजमध्ये ते सोडून दिलं. बदल्यात सेकंदाला 60 चित्रं मिळाली, आणि तीही 2005-06 च्या कन्सोलवर. भार वाढला की कन्सोलवर चित्राची रुंदी क्षणभर गुपचूप कमी केली जाते, पण साठचा ठेका चुकत नाही.

(दृश्य : खेळाडू गर्रकन मागे वळतो. तोच क्षण अतिसंथ गतीत. धूसर भिंत टप्प्याटप्प्याने स्पष्ट होते.)

आता हे बघा. पुन्हा दाखवतो. मागे वळल्याबरोबर भिंत चिखलासारखी, मग थोडी बरी, मग स्वच्छ. 2011 मध्ये सगळ्यात जास्त शिव्या याच क्षणाला पडल्या.

ते अवाढव्य चित्र मेमरीत मावत नाही, म्हणून त्याचे 128 गुणिले 128 पिक्सेलचे चौकोन पाडलेले असतात. पूर्ण बारकाव्याचे चौकोनच साडेदहा लाखांच्या आसपास. ग्राफिक्स कार्डात मात्र 4096 पिक्सेल बाजूचा एक तक्ता असतो, म्हणजे 32 गुणिले 32, एकूण 1,024 चौकोनांची जागा. साडेदहा लाखांतले कुठले हजारभर आत्ता हवेत, हे दर क्षणी ठरवायचं.

त्यासाठी इंजिन समोरचं दृश्य आधी अगदी छोट्या आकारात काढून पाहतं. त्यावरून कळतं, कुठला चौकोन किती बारकाईने लागणार. तक्त्यात जे नाहीत त्यांची यादी डिस्ककडे जाते. डिस्कवर ते जेपेगच्या धर्तीवर आवळून ठेवलेले असतात. प्रोसेसर ते उलगडतो आणि ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा बांधणीत पुन्हा आवळतो. मग तो चौकोन तक्त्यात बसतो आणि जुना कुणीतरी बाहेर जातो. चौकोन पोहोचेपर्यंत त्याचीच ढोबळ आवृत्ती दाखवत राहायचं. म्हणून रेजमध्ये भिंत कधी कोरी दिसत नाही, धूसर दिसते.

(दृश्य : कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाल दिवा. मॉनिटर आणि दिवा एकाच चौकटीत.)

माती खाल्ली ती डिस्कने. साठच्या ठेक्यात एका चित्राला साडेसोळा मिलीसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. हार्डडिस्कचं डोकं एका जागेवरून दुसरीकडे जायलाच बारा-पंधरा मिलीसेकंद घेतं. विखुरलेले शंभर चौकोन मागितले की सव्वा-दीड सेकंद गेला. डीव्हीडीचं तर बोलायलाच नको, तिथे एका उडीला शंभर मिलीसेकंदांच्या वर. शेजारचे चौकोन डिस्कवरही जवळ ठेवलेले असतात, त्यामुळे सरळ चालताना त्रास होत नाही. गर्रकन वळलं की होतो. आणि नेमबाजीच्या खेळात माणूस गर्रकन वळणारच.

(दृश्य : पडदा दुभागलेला. डावीकडे हार्डडिस्क, उजवीकडे एसएसडी. तेच वळण, तोच पीसी.)

उजवीकडे त्याच पीसीत एसएसडी बसवली आहे, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. एका उडीला मिलीसेकंदाचा दहावा भाग. धूसरपणा जवळजवळ गेला. खेळाचं एक अक्षरही बदललेलं नाही. दोन गाभ्यांचा, म्हणजे दोन कोअरचा, जुना प्रोसेसर असेल तर मात्र एसएसडी घालूनही चौकोन उलगडण्यात वेळ जातो. तिथे चार गाभे लागतात.

एएमडी कंपनीची ग्राफिक्स कार्डं असलेल्यांच्या वाट्याला 2011 मध्ये याहून वाईट आलं. खेळाने ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या दोन वाटा : बहुतेक पीसी खेळ डायरेक्टथ्रीडीवर चालायचे, रेज ओपनजीएलवर. त्या वाटेचे ड्रायव्हर तेव्हा तेवढे घासूनपुसून झालेले नव्हते. चित्र फाटायचं, चौकोन भलत्याच जागी लुकलुकायचे. वर ग्राफिक्सच्या मेन्यूत धड चार पर्यायही नव्हते. काही दिवसांत ड्रायव्हर आणि पॅच आले, टेक्श्चर कॅशचा, म्हणजे जास्त चौकोन हाताशी ठेवण्याचा, पर्यायही आला. पण पहिला आठवडा गेला तो गेलाच.

(दृश्य : अरुंद बोगदा. उत्परिवर्ती शत्रू छताच्या नळाला लोंबकळत येतो. विंगस्टिक सुटते, परत येते.)

इथे मात्र दाद द्यायलाच हवी. शत्रू धावत येतो, भिंतीला पाय लावून दिशा बदलतो, नळाला धरून झुलतो. पायाला गोळी लागली तर लंगडतो, खांद्याला लागली तर तेवढाच भाग मागे फेकला जातो. विंगस्टिक हे तीन पात्यांचं फिरतं हत्यार, फेकलं की बहुतेक वेळा हातात परत येतं, कधी मोडतं. आडव्या धनुष्याला विजेचा बाण लावून पाण्यात मारला की पाण्यातले सगळे आडवे. बंद जागेतली मारामारी बनवावी ती आयडीनेच.

(दृश्य : मोकळा माळ. बग्गी धावतेय. दोन्ही बाजूंना उंच कडे.)

आणि आता पोरांची दुसरी दाद. “ह्येच काय सारखं?”

माळ मोकळा दिसतो, पण तो एक रस्ता आहे. कड्यावर चढता येत नाही. पडद्यावरच्या खांबाला कुणी टेकायला जात नाही, इथे मात्र खेळाडू टेकायला जातो. सगळं आधीच भाजून पक्कं केलेलं असल्यामुळे भिंत फुटत नाही, दिवस मावळत नाही, स्फोटाने उजेडाची घडी बदलत नाही. गावात जा, काम घ्या, बग्गीने एका बंदिस्त जागी जा, सगळ्यांना मारा, वस्तू आणा, परत या. काही जागा पुन्हा येतात, फक्त उलट्या दिशेने. जगाची लांबी-रुंदी वाढवायची तर नवं चित्र लागतं आणि नवं चित्र म्हणजे नवी डिस्क. जे इतकं महाग पडलं तेच दोनदा वापरायचं, एवढा साधा व्यवहार त्यामागे दिसतो.

कथा दोन ओळींत मावते. अपोफिस नावाचा लघुग्रह 2029 मध्ये आदळतो, नायक शीतपेटीत झोपतो आणि शंभरेक वर्षांनी उठतो. खरा अपोफिस 13 एप्रिल 2029 रोजी पृथ्वीजवळून जाणार आहे, आदळणार नाही.

(दृश्य : कॅपिटल प्राइमची मार्गिका. मोठी तोफ हातात.)

ही शेवटची मोहीम. सगळ्यात मोठी तोफ इथे हातात येते, थोडे शत्रू, थोड्या मार्गिका, एक संदेश पाठवायचा, छोटी चित्रफीत आणि नामावली. म्होरक्याशी लढत नाही. मृत शहरातला राक्षस ज्यांनी मध्यावर उभा केला त्यांनी शेवटाला काहीच ठेवलं नाही. ‘डेथमॅच’, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांनाच टिपायची लढत, ज्यांनी घराघरात नेली त्यांनी या खेळात ती दिलीच नाही. मित्रांबरोबर खेळायला गाड्यांच्या लढती आणि दोघांच्या काही मोहिमा, बस्स.

2013 मध्ये कारमॅक आयडीतून बाहेर पडले, 2019 चा दुसरा भाग वेगळ्या कंपनीबरोबर वेगळ्या इंजिनावर झाला आणि 2020 च्या ‘डूम इटर्नल’पर्यंत मेगाटेक्श्चर पूर्ण गेलं होतं.

(दृश्य : दुकानात सेटिंगचा मेन्यू. माउसचा बाण सावकाश.)

आज खेळायचा असेल तर एसएसडीवर टाका. टेक्श्चर कॅश ‘लार्ज’ करा, चित्र फाटू न देणारं व्ही-सिंक चालू ठेवा. एनव्हिडियाच्या कार्डावर चौकोन उलगडण्याचं काम कार्डाकडे देण्याचा पर्याय दिसेल, तो बंदच ठेवा. आजच्या प्रोसेसरला ते काम जड नाही. कॉन्फिग फाइलमध्ये तक्त्याची बाजू 4096 वरून 8192 करता येते. त्याने चौपट चौकोन मेमरीत राहतात, एका थराला 16 एमबीऐवजी 64 एमबी लागतात आणि मागे वळल्यावरचा धूसरपणा आणखी कमी होतो. भिंतीला नाक लावलं की दिसणारा धूसरपणा मात्र तसाच राहतो. तो मूळ चित्रातच आहे, कुठल्याही सेटिंगने जात नाही. मॉनिटर 144 हर्ट्झचा असला तरी खेळ साठवरच थांबतो.

सेव्ह स्वतः करत राहा, चेकपॉइंट फार लांब लांब आहेत. शर्यती, पत्त्यांचे डाव, राहिलेली कामं उरकून घ्या आणि कॅपिटल प्राइमला निघण्याआधी एक वेगळी सेव्ह ठेवा. मूळ खेळात तिकडे गेलं की माळावर परत येता येत नाही.