पंखा बदलण्याआधी

मंडळी, माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरचा पंखा सतत घोंगावत असेल, तर त्याला एवढ्या जोरात फिरायला कोण सांगतंय ते आधी शोधा. पंखा बहुतेक वेळा हुकमाचा ताबेदार असतो. आपल्याकडे मात्र आवाज आला की पेटी उचलायची, दुकानात टाकायची, पंखा बदलून आणायचा.

डिचोलीला माझ्या मेहुण्याकडे हेच झालं. हिशेबाचं काम, दिवसभर मशीन चालू. फोन आला की बिचारा बाल्कनीत जाऊन बोलायचा. दुकानदारानं प्रोसेसरचा पंखा बदलला, आवाज होता तसाच. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला. शेवटी म्हणाला, मशीनच जुनं झालं, नवीन घ्या. मी झाकण काढून बघितलं. नव्या पंख्याला चार तारा, आणि प्लग खोचलाय बोर्डाच्या कडेला, तीन पिनांवर! प्लगचं चौथं भोक हवेत. प्रोसेसरजवळची चार पिनांची जागा रिकामी. अहो, ती चौथी तारच वेग सांगते. तिच्यातून बोर्डाचा इशारा पोचला नाही, तर पंखा 12 व्होल्टवर पूर्ण वेगानं फिरत राहतो. खूण तर रोज समोर येत होती. मशीन सुरू करताना पंख्याची चूक दाखवणारी ओळ यायची, आणि दुकानातून सांगितलेलं, एफ वन दाबा आणि पुढे जा! याचा मला राग येतो. समोरची ओळ वाचायची नाही आणि गिऱ्हाईकाला खर्चात घालायचं.

पहिल्या पंख्याची घरघर धुळीची होती. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, त्याच्या पात्यांवर तिची गादी बसलेली. आपल्याकडे चिऱ्याची लाल धूळ, त्यात पावसाळ्याची दमट हवा. ती सुटी राहत नाही, चिकटते. दसऱ्याला आपण कॉम्प्युटरला झेंडू वाहतो. यंदा फूल वाहण्याआधी झाकण काढा, एवढी माझी विनंती आहे. मशीन बंद, वायर काढलेली, पंख्याची पाती बोटानं धरलेली, मग ब्रश आणि ब्लोअर. पाती मोकळी सोडून हवा मारली तर ती भन्नाट फिरतात आणि बेअरिंग खराब होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

आधी आवाज कुठल्या पंख्याचा ते ठरवा. वर्तमानपत्राची सुरळी करून कानाला लावा, लगेच कळतं. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं तापमान बघा. चाळिशीच्या आसपास असून पंखा बोंबलतोय, तर प्लग किंवा बायोसमधली पंख्याची सेटिंग बघा. रोज घड्याळ मागे पडत असेल तर बोर्डावरचा सीआर 2032 सेल संपलाय. सेटिंगही त्याच्याबरोबरच पुसली जाते. काही काम नसताना तापमान ऐंशीच्या वर, तर धूळ, प्रोसेसर आणि हीटसिंकमधला वाळलेला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, नाहीतर हीटसिंक बोर्डाला धरून ठेवणारी एखादी पिन सुटलेली. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजरही उघडा, मागे एखादा प्रोग्राम प्रोसेसर खात बसलेला असतो.

कर्कश, खरखरीत आवाज असेल तर बेअरिंग गेलंय. तेव्हा मात्र पंखा खुशाल बदला.

एसएमपीएस घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. एक मशीन इथे टेबलावर उघडं ठेवलंय. या, तो चार पिनांचा प्लग हातात घेऊन बघा.