हिरवी बिल्डिंग तिकडं, राख इकडं

(दृश्य : कपाशीचं वावर, मधोमध टॉवर)

हा टॉवर जरा नीट बघा. नेहमीच्या हायटेन्शन लाइनीवर तारांचे तीन नाहीतर सहा गठ्ठे असतात, याच्यावर दोनच. कारण ही डीसी लाइन आहे, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची, चंद्रपूरवरून निघते आणि ७५२ किलोमीटर जाऊन थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला उतरते, म्हणजे मुंबईच्या दारातच. १९९९ पासून चालू आहे, ५०० केव्हीची, १५०० मेगावॅट वाहून नेते. खाली बाया कापूस वेचतात, आणि डोक्यावरून मुंबईचा गारवा चाललेला असतो.

आता मुंबईची सगळी वीज आपलीच असं नाही हो. त्यांचं ट्रॉम्बे आहे, डहाणू आहे, घाटातली धरणं आहेत. पण चंद्रपूर २९२० मेगावॅट, तिरोडा ३३००, मौदा २३२०, वरून कोराडी, खापरखेडा, एवढं सगळं एकट्या विदर्भात काय इथल्या पंख्यांसाठी उभं आहे का? म्हणून समुद्राकाठच्या शहरात बिल्डिंगचा नियम बदलला की आपलाही त्याच्याशी संबंध येतो, तो कसा ते पुढे बघू.

(दृश्य : मुंबई, समुद्र, काचेच्या इमारती)

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेनं क्लायमेट ॲक्शन प्लॅन काढला, २०५० पर्यंत नेट झिरो व्हायचं म्हणून, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढा परत शोषला गेला पाहिजे. त्यात २०१९ चा हिशोब आहे, शहराचं वर्षाचं कार्बन उत्सर्जन साधारण २ कोटी ३४ लाख टन, आणि त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः घरं, ऑफिसं, दुकानं यांना लागणाऱ्या विजेचा. गाड्यांचा धूर डोळ्याला दिसतो म्हणून सगळे त्याच्यावर बोलतात, पण तो २० टक्क्यांच्या आसपासच आहे. खरं काम बिल्डिंगमध्येच आहे.

आणि तिथली हवा वेगळी. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री असलं तरी हवा कोरडी, कूलर लावला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की खोली गार होते. समुद्राकाठी हवेतच एवढं पाणी की कूलर लावला तर अंग अजून चिकट होतं. तिथं एकतर भरपूर वारा पाहिजे नाहीतर एसी. केंद्राची इको निवास संहिता, म्हणजे घरं बांधताना वीज वाचवायचे नियम, आली २०१८ मध्ये, तिच्यात हा फरक बरोबर पकडलेला आहे. दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारं चटईक्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के पाहिजेत, उष्ण-कोरड्या भागात १० टक्के पुरतात, नागपूर संमिश्र हवामानात येतं तिथं १२.५. भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर नको. छतालाही मर्यादा आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे, तिच्याकडं येतोच.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं. पावसाचं पाणी जिरवायची सक्ती तिथं त्याच्या आधीपासून होती, पण मोठ्या प्लॉटला, २००७ मध्ये ती ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली. भंडारा-गोंदियाच्या माणसाला याचं काय कौतुक सांगणार, त्यांच्याकडं मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी, पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवून बसलेले. असो.

बिल्डरला बिल्डिंग ग्रीन करायला लावायची तर आमिष लागतं, ते एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधू द्यायचं त्याचं. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे, किनाऱ्यावरच्या वसई-विरार, रत्नागिरीलाही. ग्रिहा आणि आयजीबीसी या बिल्डिंग किती ग्रीन त्याचं रेटिंग देणाऱ्या पद्धती, त्यात ग्रिहाचे तीन स्टार किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर मिळालं तर ३ टक्के जास्त बांधकाम, चार स्टार किंवा गोल्डला ५, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला ७. म्हणजे पर्यावरण वाचवा आणि वरून अजून बांधा. मला हे थोडं गमतीचं वाटतं, पण नुसत्या उपदेशानं कोणता बिल्डर हलला आजवर?

(दृश्य : कोळशाचे ट्रक, राखेचा तलाव)

आता आपल्या बाजूचा हिशोब. एक युनिट विजेला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. दीड टनाचा एसी रात्रभर आठ तास चालला की आठ-दहा युनिट, म्हणजे सहाएक किलो कोळसा. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे तिकडं एका बेडरूमची एक रात्र झाली की इकडं दोन किलो राख उरते. ही राख कोणाच्या हिशोबात लिहिलेली नसते, ती इथंच राहते, उन्हाळ्यात उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि कपाशीच्या बोंडांवर बसते.

याच्यात एक मोठा विनोद आहे बघा. याच राखेची वीट केली की ती हिरवी होते. १९९९ मध्ये केंद्रानं नियम काढला, वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करणाऱ्यांनी राख वापरायची, तो घेर वाढत वाढत २०१६ मध्ये ३०० किलोमीटरवर गेला. ग्रीन रेटिंगमध्ये राखेच्या विटेला गुण मिळतात. माती खोदावी लागत नाही, भट्टी पेटवावी लागत नाही, त्यामुळं वीट चांगलीच आहे, मी वाईट म्हणत नाही. पण गुण भिंत बांधणाऱ्याला, आणि राख श्वासात घेणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. सिमेंटचंही तसंच, गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस इथले कारखाने कुठकुठल्या टॉवरमध्ये ओतले गेले ते कोणी मोजलं?

म्हणून तिकडं एखाद्या सोसायटीनं पश्चिमेच्या काचेवर छज्जा काढला, एसी २४ वर ठेवला, तर मी टाळी वाजवतो. तेवढा कोळसा जमिनीत राहिला ना बाप्पा.

(दृश्य : गाव, घरकुलाचा स्लॅब, दुपारचे दोन)

आता छताकडं या. संहिता म्हणते छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा, १.२ च्या वर नको. मंग हा उघडा सिमेंटचा स्लॅब बघा, तो त्याच्या साधारण तिप्पट उष्णता आत सोडतो. दिवसभर तापतो आणि रात्री आतल्या माणसावर ओकतो, म्हणून लोक अंगणात खाटा टाकतात. टिनाच्या खाली तर विचारूच नका. पण २०१८ ची संहिता होती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी, तेही राज्यानं लागू केली तर. घरकुल असतं २५ चौरस मीटरचं, मैदानी भागात केंद्राच्या योजनेची मूळ मदत १ लाख २० हजार. एवढ्या पैशात भिंत जाड करायची का संडास बांधायचा?

लोक म्हणतील जुनी घरं गार होती. होतीच. इथून जवळ सेवाग्रामला बापू कुटी आहे, गांधीजी १९३६ ला तिथं राहायला आले, माती, बांबू, कवेलू, भर दुपारी आत बसून बघा. लोक तिथं फोटो काढतात, वा वा म्हणतात आणि घरी येऊन स्लॅब टाकतात. पण त्यांना हसू नका. कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात, फेरणारा माणूस मिळत नाही, लाकडाला वाळवी लागते, आणि वानरांचा कळप एकदा छतावरून गेला की निम्मे कवेलू फुटले. त्यात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न, घर स्लॅबचं हाय का? वर्ध्यातच १९७६ मध्ये सुरू झालेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेनं मातीच्या टिकाऊ घरांवर काम केलंय, ते काम गावोगावी का पोचलं नाही याचं उत्तर या वानरांत आणि सोयरिकीत सापडतं.

तर मग आहे त्या स्लॅबचंच काही करता येतं का? राजुऱ्यावरून पुढे गेलं की तेलंगणा लागतो. त्यांनी २०२३ मध्ये कूल रूफ धोरण काढलं, सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती, मोठ्या घरांना सक्ती, आणि मुख्य म्हणजे सरकार गरिबांना जी घरं बांधून देतं त्यांनाही. छत पांढरं, ऊन परत फेकणारं, एवढंच. तिथं समुद्र नाही, तरी नियम आहे.

आपल्या कोणत्याही मिस्त्रीला विचारा, तो म्हणेल भाऊ, चुना हाय, ब्रश हाय, दोन हात मारले की झालं, पण अंदाजपत्रकात लिहून द्या, नाहीतर मजुरी कोण देईल? बरोबर आहे त्याचं. घरकुलाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, सळाख, रेती, दार, खिडकी असं सगळं येतं. छताचा चुना लिहायला एक ओळ पुरते. ती ग्रामसभेत मागायची असेल तर फेब्रुवारीच्या आत मागा, कारण मे महिन्यात मिस्त्रीही स्लॅबवर चढत नाही.