टाइप्स लावले म्हणजे कोड सिक्युअर झाला का?

टाइप म्हणजे व्हॅल्यू कसली आहे ते: नंबर, स्ट्रिंग (मजकूर) की आणखी काही. पीएचपी या भाषेत पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून गणिताने काढलेली खूण) डबल इक्वलने (==) तपासले तर काय होतं बघा. २४०६१०७०८ या स्ट्रिंगचा एमडी५ पद्धतीने हॅश काढला की तो ०ई४६ असा सुरू होतो आणि पुढे सगळे आकडेच, मग पीएचपीला वाटतं हा तर नंबर आहे, शून्य गुणिले दहाचा अमुक घात, म्हणजे शून्य. डेटाबेसमधला हॅशपण तसलाच निघाला की शून्य बरोबर शून्य, या, आत या! (पासवर्डला एमडी५ वापरायचाच नसतो, तो वेगळा विषय.)

भाषा अशी परस्पर टाइप बदलते ते वीक टायपिंग. आणि स्टॅटिक म्हणजे काय, तर टाइप प्रोग्राम चालायच्या आधीच तपासले जातात. लोक या दोन्हींची कायम सरमिसळ करतात. पायथन स्ट्राँग (परस्पर टाइप न बदलणारी) आहे पण डायनॅमिक (टाइप चालतानाच तपासणारी), सी स्टॅटिक आहे, तरी २०१४ मध्ये सापडलेला हार्टब्लीड हा सिक्युरिटी बग ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या सी कोडमधलाच होता. समोरचा म्हणाला माझा डेटा एवढा लांब आहे, सर्व्हरने न मोजता खरं मानलं आणि एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी काढून दिली. कंपायलरची (कोड चालायच्या आधी तो तपासून भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामची) काहीच तक्रार नव्हती, लांबी नंबरच होती ना!

सिक्युरिटीवाला माणूस विचारतो, ही व्हॅल्यू आली कुठून आणि तपासली कोणी? माझ्या मते टाइप्सचा खरा उपयोग हे उत्तर कोडमध्येच लिहून ठेवायला होतो. सगळीकडे स्ट्रिंग फिरवण्यापेक्षा व्हेरिफाइडईमेल असा टाइप करा, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट (म्हणजे बाहेरून कोणाला तो थेट बनवता येणार नाही), तो बनवणारं फंक्शन एकच आणि ते आधी तपासणार. मेल पाठवणारं फंक्शन फक्त तोच टाइप घेणार, मग रात्री दोन वाजता घाईत कोणी कच्ची स्ट्रिंग दिली तरी कोड कंपाइलच होणार नाही.

टाइपस्क्रिप्ट (टाइप्स लावलेली जावास्क्रिप्ट) वापरणाऱ्यांनो, तुमचे टाइप्स कंपाइल झाल्यावर पुसले जातात हं. रिक्वेस्टच्या बॉडीला 'अ‍ॅज लॉगिन' (म्हणजे 'हा लॉगिन टाइपच आहे असं समज') लावलं म्हणजे तपासणी झाली नाही, तुम्ही कंपायलरला नुसतं गप्प बसवलंत. पासवर्डच्या जागी कोणी स्ट्रिंगऐवजी मोंगो डेटाबेसचा 'नल सोडून काहीही चालेल' असा ऑब्जेक्ट पाठवला आणि तुम्ही तो थेट क्वेरीत टाकला तर लॉगिन होऊन जातं. म्हणून बाहेरून आलेलं सगळं आधी 'अननोन' (टाइप माहीत नाही) मानायचं, स्कीमाने (डेटा कसा हवा याच्या नियमांनी) तपासायचं, मगच टाइप द्यायचा.

आता आपल्या प्रोजेक्टमध्ये 'अ‍ॅज' सर्च करा आणि त्यातले नेटवर्कवरून आलेल्या डेटाला किती लावलेत ते कमेंटमध्ये टाका.