पेटी परत आली तरी चालेल

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिडिओ गेम कन्सोलची विक्री कशी वाढते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. टीव्हीला जोडून खेळायच्या या यंत्राला माझ्या पिढीचे ठाणेकर अजूनही ‘टीव्ही गेम’ म्हणतात आणि आजच्या बोलण्यात माझ्याही तोंडून तो शब्द अधूनमधून येईल. विद्युत उपकरणांच्या विक्रीत मी आयुष्याची तीसएक वर्षे घालवली. जाहिरात, सवलत, हप्ते, एकावर एक मोफत, असे सगळे उपाय मी जवळून पाहिले आणि त्यांतले काही स्वतः राबवलेही. त्या सगळ्यांतून माझी एक गोष्ट पक्की झाली. कानाने ऐकलेले लवकर निसटते, म्हणून ती मी आज दोन-तीन वेळा सांगणार आहे. टीव्ही गेम खेळतो एक आणि त्याचे पैसे देतो दुसरा. पैसे देणाऱ्याच्या मनातली धास्ती विकणारा जेव्हा स्वतःच्या अंगावर घेतो, तेव्हा पेटी दुकानातून हलते.

या धंद्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथला टीव्ही गेमचा बाजार १९८३ मध्ये कोसळला. सुमार खेळांचा इतका साठा झाला, की अटारी कंपनीने न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. ही निव्वळ दंतकथा असल्याचे अनेक जण समजत होते. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झाले आणि काडतुसे, म्हणजे खेळ साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्या, खरोखरच बाहेर निघाली. हात पोळलेले दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हते. अशा वेळी, १९८५ च्या अखेरीस, जपानची निन्टेन्डो कंपनी आपले यंत्र घेऊन न्यूयॉर्कमध्ये उतरली. जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या यंत्राचे नाव तिने बदलून ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ केले. काडतूस वरून खोचण्याऐवजी व्हीसीआरमध्ये कॅसेट सारावी तसे समोरून सारायची सोय केली आणि सोबत एक लहानसा यंत्रमानव दिला. तो यंत्रमानव अवघ्या दोन खेळांत उपयोगी पडत होता, पण त्याच्यामुळे ती पेटी खेळण्यांच्या फळीवर जाऊन बसली. त्याहूनही महत्त्वाची होती ती दुकानदारांना दिलेली हमी: माल ठेवा, खपेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ. धास्ती दुकानदाराची होती आणि ती कंपनीने उचलली.

हे सगळे मला फार उशिरा, वाचनातून कळले. परंतु त्यातले तत्त्व मी १९९६ च्या मे महिन्यातच, ठाण्यात, नौपाड्यातल्या एका दुकानात, एका अक्षराची इंग्रजी जाहिरात न वाचता शिकलो होतो. ती गोष्ट आता सांगतो.

माझी बारावी नुकतीच संपली होती. वडिलांच्या ओळखीने मी सुट्टीपुरता एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात कामाला लागलो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. दुकान म्हणजे गोखले रोडच्या एका गल्लीतला दहा बाय बाराचा गाळा. त्या उन्हाळ्यात अण्णांनी मस्जिद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून टीव्ही गेमच्या बारा पेट्या आणल्या होत्या. मूळ जपानी यंत्राच्या त्या नकला होत्या. काडतुसावर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत तेच सहा-सात खेळ रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. बारांपैकी दोन पेट्यांत यंत्राला टंकलेखन यंत्रासारखा कीबोर्ड होता. अण्णा ती ‘मुलांना कॉम्प्युटर शिकवणारी’ म्हणून दाखवत. न्यूयॉर्कच्या यंत्रमानवाचे आमच्या नौपाड्यातले चुलत भावंडच ते.

पहिल्या पंधरवड्यात एकही पेटी गेली नाही. बाहेर एक चौदा इंची टीव्ही लावून खेळ चालू ठेवला होता आणि त्याच्याभोवती मुलांची झुंबड असे. मला वाटे, धंदा जोरात आहे. अण्णा म्हणत, “ही पोरं गिऱ्हाईक नव्हेत रे, हा देखावा आहे. गिऱ्हाईक मागे उभं असतं, भाजीची पिशवी धरून.” त्यांनी मला ताकीद दिली, की मुलगा काय म्हणतो ते ऐकू नकोस, मागे उभी असलेली आई काय विचारते ते वहीत लिहून ठेव. मी लिहिले. आठवडाभरात वहीत तीनच प्रश्न जमले आणि तेच ते पुन्हा पुन्हा आले. टीव्हीची ट्यूब, म्हणजे चित्राची काचेची नळी, जाईल का? अभ्यासाचे काय? बिघडला तर कोण बघणार?

एका संध्याकाळी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. त्यांनी तिन्ही प्रश्न एका दमात विचारले. अण्णांनी ‘काही होत नाही हो’ असे ठरावीक उत्तर दिले नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले. ते म्हणाले, “बाई, ट्यूबची भीती अगदीच खोटी नाही. चित्र थांबवून तासन्‌तास तसंच ठेवलं, तर काचेवर त्याचा डाग उमटू शकतो. ब्राइटनेस कमी ठेवा आणि खेळ मध्येच थांबवून मुलाला जेवायला बसू देऊ नका. बिघडला तर माझ्याकडे आणा. आणि अभ्यासाचं तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला काय सांगणार?” मग त्यांनी बिलाच्या पाठीवर लिहून दिले: आठ दिवस घरी ठेवा, नको वाटल्यास परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. किंमत पावणेदोन हजार रुपये होती आणि तेव्हा ती रक्कम लहान नव्हती.

पेटी जोडून द्यायला मला पाठवले. चरईतली जुनी तीन मजली इमारत, सार्वजनिक गॅलरी, सगळ्यांची दारे उघडी. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावायची आणि टीव्हीचे बारीक बटण फिरवत चॅनेल जुळवायचे, हे काम मला वाटले होते त्यापेक्षा फार अवघड निघाले. मी घाम पुसत असताना गॅलरीतली निम्मी माणसे दारात येऊन उभी राहिली. चित्र लागले तेव्हा टाळ्या पडल्या. बाईंचे सासरे, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, प्लॅस्टिकची बंदूक घेऊन खुर्चीत बसले आणि बदके मारू लागले. बदक हुकले की पडद्यावरचा कुत्रा हसे आणि आजोबा त्याला शुद्ध मराठीत शिव्या देत.

(जाता जाता सांगतो, ती बंदूक पडद्याला काहीही मारत नसे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन दिसला की नाही एवढेच पाही. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. प्रत्येक नवी वस्तू जुनीपेक्षा सर्व बाबतींत सरस असते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

आठव्या दिवशी बाई पेटी घेऊन दुकानात आल्या. पेटी नीट बांधलेली, वायरीसुद्धा गुंडाळून ठेवलेल्या. मुलगा यंदा दहावीत गेला आहे, जूनमध्ये शाळा सुरू होईल, हे घरात नको, एवढेच त्या म्हणाल्या. अण्णांनी एक शब्द न विचारता गल्ला उघडला आणि पैसे मोजून दिले. माझा चेहरा पडला होता. बाई गेल्यावर मी म्हणालो, “अण्णा, आठ दिवस फुकट गेले.” अण्णांनी वही मागितली आणि त्यात बाईंच्या नावापुढे लिहिले: ‘दहावी. निकाल पुढील जून.’ मग म्हणाले, “पेटी आठ दिवस कुठे होती?” मी म्हणालो, “त्यांच्या घरी.” ते म्हणाले, “नव्हे. गॅलरीत होती.”

पुढच्या चार दिवसांत त्याच इमारतीतली तीन कुटुंबे आली. त्यांनी ट्यूबचे विचारले नाही, कारण बाईंची ट्यूब शाबूत असल्याचे सगळ्यांनी पाहिले होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी तर फक्त एवढेच विचारले, की बंदूक मिळते ना. महिनाअखेरीस बारांपैकी दोनच पेट्या उरल्या आणि बाईंनी परत केलेली पेटी ‘वापरलेली आहे’ असे स्पष्ट सांगून, दोनशे रुपये कमी घेऊन, वागळे इस्टेटमधल्या एका कामगाराला दिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये निकाल लागला, तेव्हा मी कॉलेजात होतो. अण्णांनी निरोप धाडून मला बोलावले आणि म्हणाले, “चरईला पेढे घेऊन जा. काही विकायचं नाही, फक्त अभिनंदन कर.” मी गेलो. दोन दिवसांनी बाई आणि मुलगा दुकानात आले आणि आजोबाही काठी टेकत सोबत आले.

श्रोतेहो, या गोष्टीने आपला निम्म्याहून अधिक वेळ खाल्ला, पण मला जे सांगायचे आहे ते तिच्यात जवळजवळ सगळे आले. आता मोठ्या कंपन्यांनी हेच कसे केले आणि कुठे विसरल्या, ते थोडक्यात पाहू.

पहिला विषय किमतीचा. कन्सोल पुष्कळदा नगण्य नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकला जातो आणि कमाई नंतर खेळांवर होते. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग हा अनुभव घरोघरी असल्याने याचे अधिक स्पष्टीकरण नको. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलरला, आजपासूनच ठरावीक दुकानांत मिळेल, असे अचानक जाहीर केले. ज्या दुकानांना वगळले ती रागावली. त्याच दिवशी सोनीचे अधिकारी स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले आणि ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारून खाली उतरले. त्यांच्या प्लेस्टेशनची ती किंमत होती.

दुसरा विषय घरातल्या इतरांचा. २००० साली आलेला प्लेस्टेशन २ डीव्हीडीही लावत असे. त्यामुळे मुलासाठी गेम आणि घरासाठी सिनेमा असा हिशेब वडिलांना मांडता आला आणि ते यंत्र जगभरात १५ कोटींहून अधिक खपले. २००६ मध्ये निन्टेन्डोने वी या यंत्रासोबत बहुतेक देशांत टेनिस-बोलिंगचा खेळ पेटीतच दिला. हात हलवला की चेंडू जाई, म्हणून आजी-आजोबाही उभे राहिले. चरईतले आजोबा मला इथे हमखास आठवतात. भारतात प्लेस्टेशन २ साठी २००७ मध्ये माइकसह हिंदी गाण्यांचा सिंगस्टार हा खेळ आला आणि २००९ मध्ये कबड्डीसारखे देशी खेळ असलेला देसी अड्डा आला. दोन्हींमागची दिशा मला योग्य वाटते. मात्र पडद्यावरच्या सूचना मराठीत देण्याची बुद्धी कोणाला झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि बँकेच्या एटीएमला जे जमते ते यांना का जमू नये, हे मला समजत नाही.

तिसरा विषय धास्तीचा, म्हणजे आपल्या मूळ मुद्द्याचा. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये भारतात एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल आणला तेव्हा अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना जाहिरातीत घेतले. नटाच्या आणि खेळाडूच्या चेहऱ्याने मुले थांबतात, हे मान्य. पण बिघडला तर कोण बघणार, या प्रश्नाला चेहरा उत्तर देत नाही. माझ्या मते त्या कंपनीची खरी जाहिरात २००७ साली झाली. यंत्रे मोठ्या प्रमाणावर बंद पडू लागली होती आणि पुढच्या बाजूला तीन लाल दिवे पेटत होते. तेव्हा कंपनीने त्या बिघाडासाठी हमी तीन वर्षांची केली आणि त्याकरिता एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. अण्णांच्या बिलाच्या पाठीवरचीच ती ओळ होती, फक्त शून्ये जास्त.

हीच कंपनी २०१३ मध्ये नेमके उलटे वागली. नवे यंत्र दर २४ तासांनी इंटरनेटला जोडावे लागेल आणि वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधने येतील, असे तिने जाहीर केले. एक डिस्क पाच मित्रांत फिरवणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करा. सोनीने डिस्क खुशाल मित्राला द्या म्हणून सांगितले, आपल्या यंत्राची किंमतही १०० डॉलरने कमी ठेवली, आणि मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला.

प्लेस्टेशन ५ सारखे यंत्र आजही स्वस्त नाही. २०२१ मध्ये ते भारतात आले, तेव्हा ४९,९९० रुपये किंमत असूनही आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. पण रांगेत पुढे असणारे हे आधीच ठरवून बसलेले गिऱ्हाईक असते. मी बोलतो आहे ते घोडबंदर रोडवर नाही तर नेरुळ-सीवूड्सला राहणाऱ्या, घराचा हप्ता भरणाऱ्या आणि मॉलमध्ये मुलाच्या मागे पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या आईवडिलांबद्दल. मॉलमधल्या दालनात खेळून पाहायला एक यंत्र ठेवलेले असते, त्यासमोर मुलासाठी गुबगुबीत आसन असते, आणि आईला बसायला साधे स्टूलही नसते. तिला कोणी काही विचारत नाही. तिच्या कानावर येते ते फक्त लाउडस्पीकरवरचे संगीत, ज्याचा आवाज कमी करणे हा मॉलवाल्यांनी ग्राहकसेवेचा भाग मानावा, अशी माझी जुनी विनंती आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या मोबाइलवर कन्सोलच्या भरघोस सवलतीचा संदेश आला. फक्त तीन दिवस, असे त्यात म्हटले होते. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत चार मुले दहावीच्या परीक्षेला बसलेली होती आणि दोन घरांनी केबल बंद करून ठेवली होती. मी तो संदेश शेजारच्या वहिनींना दाखवला. त्या म्हणाल्या, “जूनमध्ये पाठवायला सांगा त्यांना.” अण्णांच्या वहीत ही तारीख लिहिलेली असती.