उकळत्या आम्लात डीएनएची नक्कल

[दृश्य : सोल्फाताराचे विवर, वाफा, रटरटणारा चिखल]

इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेला, पोझुओलीजवळ, गंधकाने पिवळी पडलेली ही जमीन आहे. याच परिसरातील पिशारेल्लीच्या उष्ण झऱ्यांतून मिळालेला एक सूक्ष्मजीव वोल्फ्राम झिलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली सल्फोलोबस सोल्फाटारिकस या नावाने नोंदवला. तो आर्किया या, जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय जीवांच्या गटातला आहे. त्याला सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि पाण्याचा सामू २ ते ४, म्हणजे पाणी चांगलेच आम्लधर्मी, असले तरी त्याचे काही अडत नाही. उष्ण झऱ्यांचा विषय निघाला की अमेरिकेतील यलोस्टोनच्या जिवाणूतून आलेल्या आणि प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या टाक पॉलिमरेजची कथा ठरलेलीच असते; पॉलिमरेज म्हणजे डीएनएची नक्कल करणारे विकर. या चित्रफितीत मात्र उपयोगाआधी या जीवाच्या स्वतःच्या अडचणीकडे पाहायचे आहे.

[दृश्य : डीएनएचा धागा, संगणकीय चित्रण]

ही अडचण रासायनिक आहे. उष्णतेने सायटोसिन या अक्षराचा अमिनो गट गळून पडतो आणि त्याचे युरॅसिल होते. काही ठिकाणी अ‍ॅडेनाइन किंवा ग्वानिन अख्खेच निखळते आणि धाग्यावर रिकामी जागा उरते. आपल्या शरीराच्या तापमानालाही हे घडतच असते, पण तापमान वाढते तसा त्याचा वेग झपाट्याने वाढतो. युरॅसिलसमोर नक्कल करणारे विकर अ‍ॅडेनाइन बसवते, म्हणजे जिथे ग्वानिन यायला हवे होते तिथे दुसरेच अक्षर येते आणि पुढच्या पिढीत ती चूक कायमची होते.

या जीवाचे मुख्य पॉलिमरेज म्हणूनच युरॅसिलपर्यंत पोहोचतच नाही. मूळ धाग्याचा अजून उतरवायचा राहिलेला भाग त्याच्या एका खोबणीजवळून सरकत असतो. त्या खोबणीत डीएनएची नेहमीची अक्षरे मावत नाहीत, युरॅसिल तेवढे नेमके बसते आणि चार अक्षरे आधीच नक्कल थांबते. ही पुढचे पाहून थांबण्याची सोय आर्कियांच्या पॉलिमरेजांत आढळते; जिवाणूंच्या आणि आपल्या पेशींतील मुख्य पॉलिमरेजांत ती नाही.

[दृश्य : डीपीओ-४ची त्रिमितीय रचना, सावकाश फिरणारी]

पण प्रत्येक बिघाडापाशी थांबून राहिले, तर पेशीचे विभाजनच व्हायचे नाही. इथे ३५२ अमिनो आम्लांचे हे छोटे विकर, डीपीओ-४, कामाला येते. अमेरिकेत वेई यांग आणि रॉजर वुडगेट यांच्या गटांनी २००१ साली डीएनएसह त्याची स्फटिकरचना उलगडली. तळहात, बोटे आणि अंगठा हे भाग बहुतेक पॉलिमरेजांत असतात. याला शिवाय एक करंगळी आहे आणि ती डीएनएला दुसऱ्या बाजूने धरून ठेवते. बोटे आखूड असल्याने मधली जागा ऐसपैस आहे. मुख्य पॉलिमरेज एका वेळी मूळ धाग्याचे एकच अक्षर आत घेते. इथे दोन मावतात.

आता पडद्यावर अतिनील किरणांनी एकमेकांना चिकटलेली दोन थायमिन दिसत आहेत. मुख्य पॉलिमरेज अशा जोडगोळीपाशी अडते. डीपीओ-४ ती जोडी तशीच आत घेते. पहिल्या थायमिनसमोर अ‍ॅडेनाइन नेहमीच्या पद्धतीने बसते, दुसऱ्यासमोर आणखी एक अ‍ॅडेनाइन कूस बदलून, वेगळ्या कडेने जुळते. पण अक्षर बरोबर येते. २००३ साली ही पायरी अणूंच्या पातळीवर पाहता आली आणि या सगळ्या अभ्यासातील सर्वांत देखणा पुरावा, आमच्या मते, हाच आहे.

वाळवी लागलेल्या पोथीची नक्कल करणारा लेखनिक जसा खाल्लेल्या जागी अंदाजाने अक्षर लिहून पुढे जातो, तसे हे काम आहे, आणि त्यात चुका होतातच. धडधाकट डीएनएवरसुद्धा डीपीओ-४ हजार ते दहा हजार अक्षरांमागे एखादी चूक करते आणि लिहिलेले तपासून खोडण्याची सोय त्याच्याकडे नाही. मात्र ते थोडीच अक्षरे जोडून धाग्यावरून सुटते, त्यामुळे नुकसान त्या तुकड्यापुरते राहते.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पुंजके]

हे चित्रण अतिनील किरणांच्या माऱ्यानंतरचे आहे. काही तासांतच पेशी बारीक तंतू बाहेर काढून एकमेकींना बिलगतात आणि अशा पुंजक्यांत त्यांच्यात डीएनएची देवघेव होते. शेजारणीकडची शाबूत प्रत हाताशी आली, तर तुटलेला धागा तिच्यावरून सांधता येतो, असे संशोधक मानतात. याच कुळातील सल्फोलोबस अ‍ॅसिडोकॅल्डेरियसमध्ये उत्परिवर्तनाचा दर मोजला गेला, तेव्हा तो कोमट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या तोडीचाच निघाला.

डीपीओ-४च्याच कुळातले पॉल-इटा हे विकर माणसात सदोष असेल, तर झेरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक विकाराचा एक प्रकार होतो आणि उन्हाने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका खूप वाढतो. पायरोकोकस या उष्णताप्रेमी आर्कियाचे पीएफयू पॉलिमरेजही युरॅसिलपाशी अडते, म्हणून युरॅसिल असलेल्या डीएनएच्या पीसीआरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत त्याच्या असंख्य नकला काढण्यासाठी, त्याची खोबणी बदललेला प्रकार वापरतात.