जिना किती वेळा चढायचा?

मंडळी, सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला लागते. १९३० पासून ही गाडी पुण्याला राजधानीशी जोडते आहे. ती थांबली, आपण सामान घेऊन फलाटावर उतरलो, आता पुढे जायचंय कफ परेडला किंवा विमानतळावर. मधली ही जी दहा-पंधरा मिनिटं आहेत, त्यांच्याविषयी मला आज बोलायचंय. शहराने प्रवाशाचा विचार केलाय की नाही, ते याच मिनिटांत कळतं.

आधी जागा समजून घेऊ. १६ एप्रिल १८५३ला इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरहून, ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, अंतर ३४ किलोमीटर. ही रेल्वे यावी म्हणून झटलेल्यांत नाना शंकरशेट पुढे होते. आज मुंबईच्या नव्या भुयारी मेट्रो-३च्या मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचं नाव आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. सीएसएमटीची आताची इमारत वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. अशा वास्तूच्या अंगणात खांब रोवून मेट्रो नेता येत नाही. ती जमिनीखालूनच न्यावी लागते.

आणि तशीच ही मेट्रो-३ आली. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. त्यातलं एकटं आरे जमिनीवर, बाकी सगळी पोटात. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. नकाशा पाहिलात तर या मार्गाचं मोल लक्षात येईल. मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्ही उत्तर-दक्षिण धावतात, दादरला भेटतात आणि पुढे पुन्हा आपापल्या वाटेने जातात. सीएसएमटी आणि चर्चगेट ही दोन टोकं इतकी जवळ, पण त्यांना सांधणारा रूळ कधीच नव्हता. फोर्टातल्या नोकरदारांच्या पिढ्यांनी हे अंतर पायी कापलं. आता सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी ओळीने स्थानकं आहेत. काळबादेवी आणि गिरगावात तर जुन्या चाळींच्या दाटीत वरून मोठा खड्डा घ्यायला जागाच नव्हती. तिथे थोड्या जागेतून खाली उतरून मग आडवं खोदत जावं लागलं. हे काम ज्यांनी केलं, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

मेट्रोच्या दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर, आपल्या रेल्वेच्या १,६७६. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाणार नाही, म्हणजे गाडी बदलणं प्रवाशाच्या नशिबी आलंच. मग मी एकच प्रश्न विचारतो: बदलताना जिना किती वेळा?

सीएसएमटीला रेल्वेचा मार्ग संपतो. रूळ जिथे थांबतात तिथून आपण सपाट जमिनीवर चालत बाहेर येतो, पूल चढावा लागत नाही. चाकांची बॅग ओढणाऱ्याला आणि गुडघे दुखणाऱ्याला याचं महत्त्व विचारा. पण बाहेरगावच्या गाड्यांचे फलाट ८ ते १८, पूर्वेकडे. लोकलचे १ ते ७, पश्चिमेकडे. मेट्रो आहे आझाद मैदानाच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेलाच. लोकलवाल्याला ती जवळ पडते. आपल्याला मात्र लोकलच्या गर्दीच्या आडवं जावं लागतं, आणि मग खाली उतरायचं. चाल लांब आहे, पण चढउतार एकदाच. हा हिशोब मला मान्य आहे, फक्त फलाटावर उतरल्या क्षणी मेट्रोची पाटी ठळक दिसली पाहिजे.

आता आपल्याकडे या. पुणे स्टेशनातून गाड्या आरपार जातात. इथली रेल्वे १८५८ची, इमारत १९२५ची. फलाट ओलांडायचा तर पूल चढायलाच हवा. ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो आली ती राजा बहादूर मिल रस्त्याच्या बाजूला, तीही उंचावर. पूल उंच, मेट्रोही उंच! मग एकदा वर चढलेल्या माणसाला खाली न आणता वरच्या वर मेट्रोपर्यंत पोचवायचं, हेच इथलं शहाणपण. नवी दिल्लीत अजमेरी गेटकडे रेल्वेच्या पादचारी पुलापासून मेट्रोपर्यंत स्कायवॉक बांधला, त्यामागचा विचार हाच. वाटेत एक सरकता जिना बंद असला की सगळा विचार वाया जातो. म्हणून दुरुस्तीचं वेळापत्रक मी नकाशाइतकंच महत्त्वाचं मानतो.

पुणे मेट्रोच्या जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकात एक मार्ग उंचावर आणि दुसरा जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. तिथे सरकते जिने आणि लिफ्ट यांच्याशिवाय गाडी बदलता येईल, असं कुणी म्हणू नये.

हडपसर स्थानक आता टर्मिनस म्हणून वाढवलं जातंय. तिथे अजून बरंच ठरवता येण्यासारखं आहे. फलाटावरून उतरलेली बाई, कडेवर मूल आणि हातात पिशवी, ती रिक्षापर्यंत, बसपर्यंत आणि उद्याच्या मेट्रोपर्यंत कशी जाईल, ती वाट आधी कागदावर काढा, आणि इमारतीचा दर्शनी भाग त्यानंतर. आराखडा पाहायला मिळाला की आपण नागरिकांनी पहिल्यांदा जिने मोजावेत आणि हरकती लेखी द्याव्यात.